रस्ता कुणाला विचारायचा? नांदेड–लातूरच्या वाटेवरचा जीपीएस



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे ‘गाडीतला जीपीएस’ हा विषय कळवला, तेव्हा संयोजकांनी दोनदा फोन करून विचारलं, की सर, विषय हाच ना? (हशा) विषय हाच. आम्ही काही तंत्रज्ञ नाही. पण रस्ता विचारणं आणि रस्ता सांगणं ही माणसाची फार जुनी कृती आहे, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत, वीसेक वर्षांत, मुळापासून बदलली. एवढी जुनी गोष्ट बदलते तेव्हा तिचा इतिहास मांडून ठेवावा, कारण पुढच्या पिढीला ती तशी होती हे सांगूनही पटणार नाही. म्हणून आजचं बोलणं.

सुरुवात घरापासून करू. नांदेड ते लातूर हे अंतर साधारण १४० किलोमीटर. आज हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. आमच्या पिढीला तो क्रमांकाने नव्हे, गावांच्या नावांनी पाठ होता. नांदेड सोडलं की सोनखेड, मग लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड आणि लातूर. एसटीचा कंडक्टर ही नावं ज्या चालीत पुकारायचा, ती चाल अजून कानात आहे. झोप लागली तरी चालीवरून कळायचं की अर्धी वाट सरली.

१९७६ साली आम्ही नांदेडला नोकरीला लागलो. तेव्हा आपली सगळी महाविद्यालयं औरंगाबादच्या विद्यापीठाला जोडलेली. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आलं ते १९९४ मध्ये. परीक्षेच्या कामाने कधी किनवट, कधी उदगीर, कधी निलंगा असं फिरावं लागे. १९८६ साली आम्ही एक जुनी फियाट घेतली आणि तेव्हापासून रस्ता विचारणं हा आमचा नित्याचा उद्योग झाला.

त्याचे नियम होते बरं का. पहिला नियम, लहान पोरांना विचारायचं नाही. ती उत्साहाच्या भरात कुठलाही हात वर करतात. दुसरा, पानटपरीवर विचारायचं, कारण तिथं चार माणसं असतात आणि एक चुकला तर दुसरा दुरुस्त करतो. तिसरा, एकदा विचारून समाधान मानायचं नाही, पुढच्या फाट्यावर पुन्हा विचारायचं. आणि चौथा महत्त्वाचा. ‘हे इथंच, हाकेच्या अंतरावर’ असं कुणी म्हणालं, की निदान तीन किलोमीटर धरायचे! (हशा)

उत्तर यायचं ते असं: “हितून सरळ जावा. मारुतीचं देऊळ लागंल. तितून उगवतीला वळा. वढ्यात पानी आसंल तर मातर जाऊ नका, वरच्या अंगानं या.” आता बघा, या चार वाक्यांत काय काय आलं. खूण आली, दिशा आली. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आजची खबर आली, की ओढ्याला पाणी असू शकतं. एकदा तर निलंग्याकडे जाताना एक म्हातारेबुवा सांगता सांगता कंटाळले आणि दार उघडून गाडीतच बसले. म्हणाले, “चला, दावतो.” त्यांना त्यांच्या लेकीच्या गावी जायचं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

ही रीत किती जुनी आहे? चौदाव्या शतकातल्या महानुभावांच्या ‘स्थानपोथी’कडे पाहा. श्रीचक्रधरस्वामी जिथं जिथं राहिले, बसले, थांबले, त्या जागा शिष्यपरंपरेला सापडाव्यात म्हणून हा ग्रंथ झाला. त्यात नकाशा नाही. गाव, गावाची कुठली बाजू, कुठलं देऊळ, त्याचं तोंड कुणीकडे, त्याच्या कुठल्या अंगाला काय, अशा शब्दांत जागा सांगितली आहे. अंगणात उभं राहून कुणी हात करून दाखवावं, तसं ते गद्य आहे. सहाशे-साडेसहाशे वर्षं मराठी माणूस असाच रस्ता सांगत आला. फियाटमधून आम्ही जे विचारत होतो, ते त्याच परंपरेतलं.

इथं आमचा विषय सुरू होतो. आपल्या न्यायदर्शनात ज्ञान मिळवण्याची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन इथं एक फार मोलाची गोष्ट सांगतो. आप्ताचं हे लक्षण ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ असो, सगळ्यांना सारखंच लागू आहे, असं तो म्हणतो. रस्ता कोण सांगतो याला महत्त्व नाही; त्याला रस्ता माहीत आहे का आणि तो खरं सांगतो का, एवढंच पाहायचं. पानटपरीवरचा माणूस आप्त. ते म्हातारेबुवा आप्त.

वर्गात हे शिकवताना आम्हाला फार बरं वाटायचं. पण एकदा आमचे एक सहकारी, दलित समाजातले, स्टाफरूममध्ये शांतपणे म्हणाले, “सर, तुम्ही रस्ता विचारता तेव्हा तुम्हाला रस्ता सांगतात. आम्ही विचारतो तेव्हा आधी आम्हाला आमचं नाव विचारतात.” त्या दिवशी आमची फियाट आम्हाला निराळी दिसली. खरं आहे. खेड्यात वाट विचारली की उलट प्रश्न यायचा: कुठले? कुणाकडे चाललात? आडनाव काय? आम्ही याला आपुलकी समजत होतो. ज्याला या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं वागणं ठरणार आहे हे ठाऊक असतं, त्याच्यासाठी तो तपासनाका असतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. शाळकरी मुलं सातारा जिल्ह्यात नोकरीवर असलेल्या वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. कपडे चांगले, त्यामुळे स्टेशनमास्तर आधी आस्थेने बोलले. मग जात विचारली, आणि उत्तर मिळताच चेहरा बदलला. एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडं ठरलं, आणि अट अशी की बैलगाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बरोबर पायी चालायचं. रात्री वाटेत टोलनाक्यावर पाणी मागितलं, तेही मिळालं नाही. रस्त्यावरचा ‘शब्द’ सगळ्यांसाठी सारखा नव्हता, याचा याहून मोठा पुरावा नको. वात्स्यायनाने सांगणाऱ्याची जात पाहू नका म्हटलं. विचारणाऱ्याची जात पाहणाऱ्या रस्त्याचं काय करायचं, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

हे मनात ठेवा. आपण याकडे परत येणार आहोत.

आता वाट सांगण्याची दुसरी पद्धत, म्हणजे नकाशा. आपल्या भागावर शास्त्रीय नकाशाची पहिली मोठी रेघ पडली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. विल्यम लॅम्टन याने १८०२ मध्ये मद्रासला जी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, ती दक्षिणेकडून सरकत निजामाच्या मुलखात आली. १८१५ मध्ये बिदरजवळ आधाररेषा मोजली गेली. बिदर म्हणजे आपल्या उदगीर-देगलूरचा शेजार. तिथून पुढे गोदावरी ओलांडून हे काम विदर्भाकडे गेलं. पुढे ज्याचं नाव शिखराला मिळालं, तो जॉर्ज एव्हरेस्ट १८१८ मध्ये याच कामावर लॅम्टनचा मदतनीस म्हणून आला आणि कृष्णा-गोदावरीच्या जंगलात तापाने अंथरुणाला खिळला. लॅम्टन १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे.

इतका अचाट खटाटोप कशासाठी? सैन्यासाठी, साऱ्यासाठी, राज्यकारभारासाठी. तो नकाशा वाटसरूच्या हातात द्यायचा नव्हताच. स्वातंत्र्यानंतरही सविस्तर नकाशे ही बरीचशी सरकारी कपाटातली वस्तू राहिली. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणात संरक्षणासाठीचे नकाशे आणि जनतेसाठीचे नकाशे अशा दोन वेगळ्या मालिका केल्या गेल्या, आणि भारतीय कंपन्यांना मोजणी आणि नकाशे करायला खऱ्या अर्थाने मोकळीक मिळाली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. म्हणजे मराठवाड्यातल्या सामान्य गाडीवाल्याच्या आयुष्यात कागदी रस्ता-नकाशाचं युग फारसं आलंच नाही. आपण थेट पानटपरीवरून उपग्रहावर उडी मारली. युरोप-अमेरिकेतल्या चालकाने घडीचा नकाशा सोडून जीपीएस घेतला. आपण माणूस सोडून जीपीएस घेतला. आपल्याकडच्या बदलाचं वेगळेपण ते हेच.

हे जीपीएस आलं कुठून, ते थोडक्यात पाहू. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांनी त्याच्या रेडिओ-संदेशात होणाऱ्या बदलावरून तो कुठे आहे हे काढलं. मग उलटा विचार सुचला, की उपग्रह कुठे आहे हे माहीत असेल, तर त्यावरून आपण कुठे आहोत हेही काढता येईल. अमेरिकी लष्कराच्या जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून रशियाच्या हद्दीत शिरलेलं कोरियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं, २६९ माणसं मेली, आणि त्यानंतर ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापराला खुली करू असं अमेरिकेने जाहीर केलं. १९९५ मध्ये ती पूर्ण झाली. तरीही नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. शंभरेक मीटरचा फरक पडायचा. मोटारीला ते निरुपयोगी, कारण शंभर मीटरमध्ये आपल्याकडे तीन गल्ल्या येतात. ही मुद्दाम घातलेली चूक काढून टाकत असल्याचं अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं तो दिवस १ मे २०००, आपला महाराष्ट्र दिन. पुढे भारतानेही स्वतःचे उपग्रह सोडले. २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह गेले आणि त्या यंत्रणेला ‘नाविक’ असं नाव मिळालं.

मोटारीत वाट दाखवणारं यंत्र बसवायचा प्रयत्न मात्र उपग्रहावर चालणाऱ्या यंत्रणेच्याही आधीचा. १९८१ मध्ये जपानमध्ये होंडाने गाडीचं वळण मोजणारं यंत्र वापरून ते केलं होतं. १९९० मध्ये माझदाच्या एका मोटारीत जीपीएसवर चालणारी यंत्रणा कारखान्यातूनच बसवून आली. आपल्या लातूर-नांदेडकडे हे सगळं आलं ते मोटारीच्या वाटेने नाही, मोबाइलच्या वाटेने. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झालं आणि डॅशबोर्डवर, गणपतीच्या मूर्तीशेजारी, मोबाइलची बैठक आली.

हे चालतं कसं? सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह एकच गोष्ट सांगत असतात: मी इथं आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत. आपला फोन फक्त ऐकतो. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने आला यावरून शेतकरी वीज किती लांब पडली ते ताडतो ना, तसंच. किमान चार उपग्रहांचं ऐकलं की आपली जागा निघते. हिशेब इतका नाजूक, की आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाप्रमाणे उपग्रहावरचं घड्याळ दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ते दुरुस्त केलं नाही तर दिवसभरात दहा किलोमीटरच्या आसपास चूक साचेल. नांदेडला निघालेला माणूस अर्धापूरच्या दिशेने सरकायचा!

पण एक गैरसमज काढून टाकू. उपग्रहाला रस्ता माहीत नसतो. तो फक्त आपण कुठे आहोत ते कळायला मदत करतो. रस्ता येतो नकाशातून. जवळची वाट कुठली, हे गणित काढतं. त्या गणिताचा पाया एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने १९५६ मध्ये घातला. आणि पुढे गर्दी आहे की नाही हे कळतं आपल्या पुढे गेलेल्या गाड्यांमधल्या फोनवरून. म्हणजे आजही आपण माणसालाच रस्ता विचारत आहोत. फक्त त्या माणसाला आपण विचारतोय हे माहीत नाही, आणि आपल्याला त्याचं तोंड दिसत नाही.

आता रोजच्या जगण्यात काय बदललं ते पाहू. लग्नपत्रिकेत पूर्वी ‘बसस्थानकाजवळ’ असं लिहीत. आता चौकोनी ठिपक्यांचं चित्र छापतात. पाहुणे ‘निघालो’ म्हणत, मग वाट बघणं आलं. आता ते किती वाजता पोहोचणार हे फोन सांगतो आणि चहाचं आधण त्या बेताने ठेवता येतं. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका आहे. शेतातल्या वस्तीला घर क्रमांक नसतो, गल्ली नसते. तिथून कुणी ‘लोकेशन’ पाठवलं आणि दहा मिनिटं वाचली, तर त्या दहा मिनिटांची किंमत आम्ही तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगू शकत नाही.

आमची एक जुनी विद्यार्थिनी बँकेत अधिकारी आहे. राहते लातूरला, शाखा तालुक्याच्या गावी. मार्चअखेरीला रात्री दहा-अकराला एकटी गाडी चालवत परतते. आम्ही तिला एकदा विचारलं, “या जीपीएसने तुझं काय बदललं गं?” ती म्हणाली, “सर, मला काच खाली करावी लागत नाही.”

आम्ही हे उत्तर विसरू शकलो नाही. रस्ता विचारायचा म्हणजे काच खाली करायची, आणि काच खाली करायची म्हणजे आपण कोण, एकटी आहोत का, वाट चुकलो आहोत का, हे अनोळखी माणसाला कळू द्यायचं. आमच्यासारख्या पुरुषाला त्याचं काही वाटलं नाही. तिच्यासाठी आणि आमच्या त्या सहकाऱ्यांसाठी बंद काच ही एक स्वतंत्रता आहे. यंत्र आडनाव विचारत नाही. जुन्या दिवसांच्या आठवणी काढून उसासे टाकणाऱ्यांनी, आणि त्यात आम्हीही आलो, हे आधी मान्य केलं पाहिजे.

आता दुसरी बाजू. लातूरच्या गंजगोलाईत चला. १९१७ मधली ती गोल इमारत, मध्ये अंबाबाईचं मंदिर, आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेली ही रचना. लातूरचा माणूस तिथं डोळे मिटूनही वाट काढायचा, कारण हा रस्ता सोन्याचा, तो चपलांचा, तो मिरची-गुळाचा. नाकानेही दिशा कळायची. फोनला ते सोळा रस्ते म्हणजे सोळा रेघा. तो म्हणतो, अमुकावा रस्ता घ्या, आणि नवा चालक मोजता मोजता दोन फेऱ्या मारतो.

काण्ट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८६ मध्ये दिशा ओळखणे म्हणजे काय, यावर एक निबंध लिहिला. ओळखीच्या खोलीत अंधार असला तरी एका वस्तूला हात लागला की मला सगळी खोली उमगते, असं तो म्हणतो, कारण डावं-उजवं मी माझ्या शरीरात घेऊन फिरतो. आता फोनचा पडदा पाहा. आपण वळलो की तोच फिरतो. बाण नेहमी वर. उगवत-मावळत उरतच नाही. खोली आपल्याभोवती फिरत राहते आणि आपण स्थिर बसतो. अशाने खोलीची ओळख व्हायची कशी?

ही निव्वळ म्हाताऱ्याची कुरकुर नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना शहरातले हजारो रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. २००० साली एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आहे. २०२० मध्ये कॅनडातल्या लुईझा दहमानी आणि व्हेरोनिक बोबो यांनी पन्नास चालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा जीपीएसचा वापर जास्त, त्यांची स्वतःहून वाट काढतानाची स्मृती कमी भरली. अभ्यास छोटा आहे, पण आपल्या अनुभवाशी जुळतो. आमचा नातू नांदेड–लातूर रस्त्याने निदान वीस वेळा गाडी घेऊन गेला असेल. लोहा आणि अहमदपूर यांच्यामध्ये कुठलं मोठं गाव, हे त्याला सांगता आलं नाही. माळाकोळी त्याच्या पडद्यावर होतं, डोक्यात नव्हतं.

आणि मग सगळ्यात गंभीर गोष्ट. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात रात्री नकाशाच्या भरवशावर पुढे गेली. वाटेतला पूल धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. गाडी पाण्यात गेली, चालक बुडून मेला, सोबतचे वाचले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ, पुराने पुढचा भाग वाहून गेलेल्या पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघे मेले. दोन्ही ठिकाणी रस्त्यावर धोक्याची पाटी नव्हती, अडथळा नव्हता, ही माणसांची चूक. पण ‘वढ्यात पानी आसंल तर जाऊ नका’ हे सांगणारं कुणी नव्हतं, ही दुसरी.

आपल्या काळ्या मातीत हे छोट्या प्रमाणात रोज घडतं. पाणंद रस्ता उन्हाळ्यात दगडासारखा टणक, आणि जुलैत त्यात बैलाचे गुडघे बुडतात. गणिताला तो बारमाही जवळचा रस्ता दिसतो. आमची स्वतःची गाडी मुखेड तालुक्यात अशीच रुतली आणि ट्रॅक्टर बोलवावा लागला. ट्रॅक्टरवाला हसत म्हणाला, “ह्या पावसाळ्यात तुम्ही सातवे!”

इथं न्यायदर्शनाकडे परत येऊ. आमचा मुद्दा एवढाच आहे. आपण जीपीएसच्या सांगण्याला आप्तवाक्य समजतो. ते आप्तवाक्य नाही, कारण आप्ताच्या दोन अटींपैकी एकही ते पुरी करत नाही. त्याने रस्ता पाहिलेला नाही आणि खरं सांगायची त्याला इच्छाही नाही, खोटं सांगायचीही नाही. त्याचं सांगणं हे अनुमान आहे. धूर दिसला म्हणून अग्नी असेल, तसं: मागच्या नोंदीत इथं रस्ता होता, म्हणून आजही असेल, चार फोन वेगाने गेले, म्हणून वाट मोकळी असेल. अनुमान बहुतेक वेळा खरंच निघतं. म्हणूनच ते चुकतं तेव्हा आपण गाफील असतो. आप्ताच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असतो, अनुमान तपासून घ्यायचं असतं. आपण अनुमानावर विश्वास ठेवायला लागलो आणि तपासणं सोडलं, इथं घोटाळा झाला.

शेवटी एक प्रसंग सांगून थांबतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप इथल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला आठवतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. आठ ते दहा हजार माणसं गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. म्हणजे एका नावाची दोन ठिकाणं झाली, जुनं गाव आणि नवं गाव.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील वारले, म्हणून औसा तालुक्यातल्या अशाच एका गावी भेटायला निघालो. गाडी नातू चालवत होता. फोनने सांगितलं तसं वळत गेलो आणि एका जागी आवाज आला, की आपण पोहोचला आहात. समोर बाभळी, मातीचे ढिगारे, एका वाड्याच्या चिरेबंदी पायऱ्या आणि शेळ्या. नातू गोंधळला. फोन हातात धरून म्हणाला, “आजोबा, हे तर इथंच दाखवतंय.” आम्ही म्हटलं, काच खाली कर.

शेळ्या राखणारी बाई साठीची असेल. म्हणाली, “नव्या गावात जायाचं का? हे जुनं गाव हाय बाबा. हितं आता कुनी ऱ्हात न्हाई.” नव्या गावाची वाट तिने सांगितली. मग नातवाने सहज विचारलं, तुम्ही इथल्याच का? तिने पायऱ्यांच्या पलीकडे हात केला. “ते आमचं घर हुतं.” त्यापुढे ती जे बोलली ते आम्ही इथं सांगणार नाही, ते तिचं आहे. नातवाचा जन्म २००४ चा. भूकंप त्याला धड्यातला माहीत होता. पंधरा मिनिटं तो गाडीला टेकून ऐकत उभा होता.

निघण्याआधी त्याने तिला विचारून फोनच्या नकाशात दुरुस्ती सुचवली. त्या ठिकाणी ‘जुने गाव’ आणि पलीकडे ‘नवे गाव’. पुढे ती नकाशात आली का? आली. आता त्या गावी जाणाऱ्याला फोन बरोबर वाट दाखवतो. ती वाट त्या बाईने सांगितलेली आहे, हे त्याला कळणार नाही, पण आपल्याला कळलं आहे.

तेव्हा जीपीएस जरूर वापरा. ज्यांना काच बंद ठेवावी लागते, त्यांची काच आपण कुणीही जबरदस्तीने खाली करू नये. उलट ती खाली करायला भीती वाटणार नाही, असा रस्ता करणं हे आपलं काम आहे. पण ज्यांना शक्य आहे त्यांनी ओढ्याच्या अलीकडे, अंधाऱ्या पुलाच्या अलीकडे, पाणंदीच्या तोंडाशी गाडी थांबवावी आणि विचारावं. गावातल्या पोरांनी आपली वाडी, वस्ती, बुद्रुक कुठलं आणि खुर्द कुठलं, पावसाळ्यात बंद पडणारी वाट कुठली, हे नकाशावर नीट नोंदवावं. आणि घरातल्या मुलांना गाडीत बसवाल तेव्हा एकदा तरी फोन बंद करून त्यांच्याकडून म्हणून घ्या: सोनखेड, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड, लातूर.

 परत जाताना गाड्या सावकाश चालवा. कुठून वळायचं ते दाराशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांना विचारा. (टाळ्या)